महाबळेश्वर पाठ होतं, लोणार नव्हतं

ऐंशीच्या दशकात बुलढाणा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या माणसाला विचारून पाहा, ‘अ व्हिजिट टु अ हिल स्टेशन’ हा निबंध त्याला पाठ असणार. त्या निबंधात महाबळेश्वर असायचं. वेण्णा तलावातली होडी, स्ट्रॉबेरी, सूर्यास्त पाहायला जमलेली माणसं. आणि हे सगळं आम्ही लिहायचो ते बुलढाण्यात बसून, अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या त्या गावात, जे विदर्भात स्वतःच थंड हवेचं म्हणून ओळखलं जातं. मलकापुराकडून येणारी एसटी राजूर घाट चढून वर आली की खिडकीतला वारा बदलतो, हे आम्हा सगळ्यांना अंगानं ठाऊक होतं. पण गाइडात राजूर घाट नव्हता, म्हणून तो आमच्या इंग्रजीतही नव्हता. लोणार तर नव्हतंच. उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आमच्या जिल्ह्यात, त्यावर देशोदेशीचे भूवैज्ञानिक इंग्रजीत लिहीत होते, आणि आम्ही मात्र न पाहिलेल्या महाबळेश्वराचं वर्णन कानामात्रेसह पाठ करत होतो.

मला त्या दिवसांची ओढ आहे, हे आधीच सांगतो. पण त्या निबंधांची नाही. ओढ आहे ती वाचनाची, जे आम्ही फार हळू आणि फार कष्टानं करायचो.

आमच्याकडे जिल्हा दोन भागांत सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरची गावं. खामगावला कापसाच्या बाजारामुळे जलंबहून १८७० सालीच रेल्वेचा फाटा गेला. तिथे बाहेरचं छापील जग लवकर पोचलं. घाटावर मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडे सगळी भिस्त एसटीवर. आमच्या तालुक्यात इंग्रजी दैनिक म्हणजे नागपूरचं ‘हितवाद’, आणि तेही वाचनालयात एखादं, लाकडी पट्टीत अडकवलेलं. त्यातला एक परिच्छेद उतरवून आणायचा आणि त्याचा अर्थ लावायचा, हा काही मुलांचा रविवारचा उद्योग होता. मीही त्यातला.

पाचवीला ए-बी-सी-डी सुरू व्हायची. चाररेघी वही, शाईचा पेन, आणि मधल्या दोन रेघांत नेमकं बसणारं अक्षर. सहावी-सातवीत धडे आले की पुस्तकातल्या प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायचा. वर्गात एखाद्याच्याच घरी वीरकरांचा शब्दकोश असे, तो हातोहात फिरायचा. ज्याच्या घरी जुनी माणसं शिकलेली, त्याच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सापडायची, मागचं पान गेलेली, पुठ्ठा शिवलेला. मास्तर धडा आधी मोठ्यानं वाचायचे आणि मग प्रत्येक वाक्य फोडायचे. आधी क्रियापद शोधा. मग कर्ता. मग राहिलेले तुकडे कुणाला चिकटतात ते पाहा. ‘घाई कायले करता बाप्पा, वाक्य काही पळून नाही जाऊन रायलं,’ असं ते म्हणायचे. एका तासात कधी कधी अर्धं पानच व्हायचं.

हे अर्धं पान मला आज फार मोलाचं वाटतं. लांबलचक वाक्यात क्रियापद कुठे दडलंय हे शोधायची सवय ज्याला लागली, त्याला पुढे कितीही अवघड मजकूर आला तरी तो पाठ फिरवत नाही. इंग्रजीचं वाक्य मराठीत आणायचं तर ते उलटून घ्यावं लागतं, शेवटचं पुढे, पुढचं मागे. त्या उलथापालथीत अर्थ हाताला लागतो. आम्ही वाचलं थोडं, पण जे वाचलं ते तळापर्यंत वाचलं.

महाविद्यालयात गेल्यावर सारांशलेखन आलं. दिलेला उतारा एक तृतीयांशात आणायचा, लेखकाचं म्हणणं ठेवायचं, त्याची उदाहरणं सोडायची, आणि स्वतःचं काही घालायचं नाही. पाच ओळी लिहिण्यासाठी पंधरा ओळी पुन्हा पुन्हा वाचाव्या लागत. मुख्य मुद्दा कोणता आणि तो पटवायला आणलेला दाखला कोणता, हे वेगळं काढायला त्यानं शिकवलं. पुढच्या आयुष्यात कचेरीतला आदेश असो, कोर्टाचा निकाल असो की औषधाच्या खोक्यातला कागद, माझ्या पिढीतल्या अनेकांना ते वाचता आलं ते या एका प्रश्नामुळे.

लिहिण्याचं मात्र वेगळं होतं. लिहायचं म्हणजे आठवायचं. रजेचा अर्ज, आजारी मित्राला पत्र, ‘मी पंतप्रधान झालो तर’, आवडता शिक्षक. सगळे निबंध फळ्यावरून उतरवलेले किंवा गाइडातून. आवडता शिक्षक सगळ्या वर्गाचा एकच, त्याचे गुणही तेच. तुला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. बी. ए.ला अनिवार्य इंग्रजी आणि इंग्रजी वाङ्मय घेणाऱ्यांची स्थिती तीच: दिल्लीहून छापून येणारी गाइडं, सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स, आणि शेक्सपिअरच्या नाटकावर दुसऱ्या कुणाचं तरी मत, तिसऱ्या कुणाच्या तरी शब्दांत. संदर्भग्रंथ काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप.

आणि नापासांची गोष्ट आहेच. ती गाळून हा काळ आठवणं मला अप्रामाणिक वाटतं. दहावीला ‘इंग्रजी निघाला नाही’ म्हणून किती पोरं शेतात परतली आणि किती पोरींची लग्नं त्याच उन्हाळ्यात ठरली, हे घाटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या मास्तरांना विचारा. गणितात चांगल्या असलेल्या, मराठीत सुंदर लिहिणाऱ्या मुली होत्या त्यांत. एका विषयानं त्यांची वाट अडवली, आणि तो विषय नीट शिकवायला त्यांच्या शाळेत पुरती माणसंही नव्हती. त्या जुन्या इंग्रजीबद्दल मी जे काही प्रेमानं लिहितो आहे, ते या मुलींना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो आहे.

बदल सुरू झाला तो २००० साली. त्या वर्षीच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं; शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे होते. त्या निर्णयावर वाद पुष्कळ झाला आणि विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे आजही मला पटतात. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराच्या मनातली इंग्रजीची धास्ती त्यामुळे कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही पाचवीत ज्या अक्षरांना बिचकलो, ती आजची पहिलीतली मुलगी गाण्यात म्हणते. पुढे सेमी इंग्रजी पसरलं, विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेनं घेतली. तक्ता देऊन त्यावर परिच्छेद लिहा, परिच्छेद देऊन त्याचा तक्ता करा, एका मताच्या विरुद्ध मत मांडा. २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त तर ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ कसं लिहायचं याचा पाठ आहे: मला हा विषय का शिकायचा आहे, माझी त्यासाठी काय तयारी आहे, पुढे मी काय करणार आहे. आमच्या वेळी इंग्रजीच्या पेपरात ‘मी’ फक्त पंतप्रधान झाल्यावरच बोलत असे. आता मेहकरच्या मुलीला मेहकरची मुलगी म्हणून बोलायला सांगितलं जातं. एवढ्यासाठी मी त्या पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यांना मनापासून धन्यवाद देतो.

माझी भाची लोणार तालुक्यात वाढली. भूगर्भशास्त्र शिकायचं तिच्या मनात आहे. गेल्या वर्षी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, ‘मामा, हे वाचायचं कसं ते सांग.’ तिच्यासमोर लोणारच होतं. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा जो निबंध आला, त्यानं लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालं आहे, हे भक्कम पुराव्यानं मांडलं. प्रचंड आघातानं बदललेली खनिजं, काच झालेला खडक, तळाशी खणून काढलेले नमुने. चंद्रावरची अनेक विवरं बेसॉल्टातली, म्हणून पृथ्वीवरच्या बेसॉल्टातलं हे मोजक्यांपैकी एक विवर अभ्यासकांना एवढं महत्त्वाचं. आमच्या आजीनं लवणासुराची कथा सांगितली होती, विष्णूनं त्याला मारलं आणि तिथे खड्डा झाला. लोणारमधलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. वरून काहीतरी आलं आणि जमीन फाटली, एवढं आजीलाही ठाऊक होतं.

आम्ही दोघं तो निबंध घेऊन बसलो आणि मला मास्तरांचं अर्धं पान आठवलं. असा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचायचा नसतो, हे मलाही फार उशिरा कळलं. आधी सुरुवातीचा गोषवारा. मग एकदम शेवट, त्यांनी काय ठरवलं. मग आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी. त्यानंतर मधलं, म्हणजे नमुने कुठून घेतले, कसे तपासले. आणि प्रत्येक परिच्छेदाला समासात एक ओळ मराठीत: इथे ते काय म्हणतात. भाचीनं ती ओळ लिहायला सुरुवात केली, आणि दोन परिच्छेदांनंतर तिला मला विचारायची गरज उरली नाही. सारांशलेखनच होतं ते, फक्त नाव बदललेलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अनिवार्य इंग्रजीच्या पेपरात उतारा एक तृतीयांश करायचा प्रश्न आजही आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे बुलढाण्या-चिखलीच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकरा वाजता पोरं जे करताना दिसतात, ते आमच्या बी. ए.च्या वर्गात चालायचं तेच.

मग ती वयाच्या प्रश्नावर आली. लोणार किती वर्षांपूर्वीचं? एका पद्धतीनं मोजलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं होतं आणि बरीच वर्षं तोच आकडा सगळीकडे दिला जात होता. २०११ साली अरगॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीनं तो सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेला. दहापटीहून मोठा फरक. भाचीनं दोन्ही निबंध शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘मामा, हे लोक एवढं घाबरत घाबरत कावून लिहितात? असं असू शकतं, असं सूचित होतं. सरळ सांगून टाकत नाहीत.’

त्या प्रश्नावर आमची संध्याकाळ गेली. शाळेत आपण ज्याला चांगलं इंग्रजी म्हणायचो, त्यात ठासून सांगणं होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण. अभ्यासकाच्या लेखनात प्रत्येक विधानाला त्याच्या पुराव्याएवढीच ताकद द्यायची असते. पुरावा जेवढा, आवाज तेवढा. ५२ हजार म्हणणाऱ्यांनी जर दार उघडं ठेवलं नसतं, तर ५ लाख ७० हजार म्हणणाऱ्यांना आत यायला भांडावं लागलं असतं. हे आम्हाला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नाही. व्याकरण सगळं शिकवलं, पण ते कशासाठी वापरायचं हे राहिलं. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा गावात दहा कारणं एकाच दिवसात पक्की झाली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. भाचीची ती दहावीनंतरची सुट्टी. तळं गुलाबी असताना ती काठावर उभी होती, आणि आता त्याच तळ्यावर इंग्रजीत दोन पानं लिहिते आहे. आमच्या पिढीला ही संधी नव्हती. माझ्या मनात तिच्यासाठी जेवढा आनंद आहे, तेवढीच थोडी हळहळही आहे, आमच्या वर्गातल्या त्या मुलींसाठी.

मराठी घरातलं मूल इंग्रजीत अभ्यासकासारखं लिहू शकतं का, अशी शंका काढणाऱ्याला मी ९ मे १९१६ ची आठवण देतो. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्यातला विचार तर मोठा आहेच. पण लिहायला शिकणाऱ्यानं त्याची बांधणीही पाहावी. आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय घेण्याजोगं आणि काय अपुरं ते दाखवलं, आणि मग आपलं म्हणणं मांडलं. आधीच्यांचं नीट वाचून, त्यांचं देणं मान्य करून, त्यांच्यापुढे एक पाऊल. यातले केतकर म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, जे आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीत शिकले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. मराठी घरातला एक जण परमुलखात, परभाषेत दुसऱ्या मराठी माणसाच्या लेखनाशी वाद घालतो, हे दृश्य मी वर्गात मुलांना सांगतो तेव्हा मागच्या बाकापर्यंत शांतता असते.

आणि आजचं उदाहरण द्यायचं तर लांब जावं लागत नाही. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे, शेतकऱ्याच्या घरातले, शिकणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले. २०२१ साली त्यांना चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांनी उभ्या केलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनचं काम आपल्यासारख्याच मुलामुलींना मोठ्या विद्यापीठांपर्यंत पोचवायचं आहे, आणि त्यात अर्जासोबतचं ते दोन पानी लेखन शिकवणं हा मोठा भाग आहे. ज्याच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याला स्वतःबद्दल दोन पानं लिहिणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. ‘माझ्यात सांगण्यासारखं काय हाय?’ हा पहिला प्रश्न असतो. दुष्काळात विहिरीवर रात्री रांग लावली, बापाच्या सोयाबीनचा हिशेब आठवीपासून ठेवला, गावात वीज नसताना अभ्यासाचा गट चालवला, हे सांगण्यासारखं आहे असं त्याला कुणीतरी पटवावं लागतं. ते एकदा पटलं की इंग्रजी सुधारायला वेळ लागत नाही.

मग फोनचं काय? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि घाटावरच्या पोरालाही गूगल स्कॉलर, शोधगंगेवरचे प्रबंध, शब्दांचे उच्चार, सगळं मिळालं. काचेच्या कपाटाचं कुलूप निघालं. याचं मोल मी कधी कमी लेखणार नाही. पण त्याच फोनवर आता पानाचा फोटो काढला की क्षणात मराठी भाषांतर येतं, आणि विषय सांगितला की अख्खा निबंध इंग्रजीत लिहून मिळतो. तो निबंध वाचताना मला गाइडातलं महाबळेश्वर आठवतं. शुद्ध, गुळगुळीत, आणि कुणाचाच नाही. मी मुलांना फोन बंद करा म्हणत नाही. आधी तुमचं मोडकंतोडकं लिहा, मग फोनला चुका विचारा, आणि त्यानं बदललेलं प्रत्येक वाक्य पटलं तरच ठेवा, एवढा आग्रह धरतो. वाचतानाही तेच: आधी क्रियापद स्वतः शोधायचं.

आणखी एका गोष्टीसाठी मी गेली काही वर्षं भेटेल त्या शिक्षकाशी बोलतो आहे. दहावीच्या इंग्रजीत भाषांतराचा प्रश्न आहे, पण तो पाच गुणांचा. काही शब्द, एखाददुसरं वाक्य, एखादी म्हण. त्याला वर्गात जेवढा वेळ मिळायला हवा तेवढा मिळत नाही, कारण इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं असं आता मानलं जातं. बोलणं शिकवताना ते ठीक. पण अवघड मजकूर वाचायचा असेल, त्याच्याशी वाद घालायचा असेल, तर मुलाला आपल्या भाषेत उभं राहायला जागा हवी. आठवड्यात एक तास तरी एक परिच्छेद घ्यावा, तो फोडावा, मराठीत आणावा, त्यावर मराठीत भांडावं आणि मग इंग्रजीत उत्तर लिहावं. साधनं लागत नाहीत, फळा पुरतो.

भाचीनं हे काम उलट्या दिशेनं सुरू केलं आहे. लोणारवर जगात जे काही मोठं लिहिलं गेलं ते इंग्रजीत आहे, आणि विवराच्या काठावर शेती करणाऱ्या माणसाच्या हातात त्यातलं एक पानही मराठीत नाही, हे तिला खटकलं. म्हणून २०११ च्या निबंधाचा सारांश ती मराठीत करते आहे, गावातल्या वाचनालयात लावायला. पहिला मसुदा मला पाठवला, मी लाल शाईनं तीन ठिकाणी खुणा केल्या. तिथे तिनं ‘५ लाख ७० हजार वर्षं’ असं ठाम लिहिलं होतं, मूळ निबंधात आकड्यासोबत कमीजास्त किती ते दिलेलं असताना. दुसऱ्या मसुद्यात ते आलं आहे. आता ती आजीची लवणासुराची कथा कुठे घालायची यावर अडली आहे. मी म्हणालो सुरुवातीला, ती म्हणते स्वतंत्र चौकटीत.